‘ठ’ हॉस्पिटलच्या बरगड्या

हॉस्पिटलात तिला सगळे ‘पुढेकाय सिस्टर’ म्हणायचे, आणि तेही तोंडावर. तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण नाव अगदी चपखल होतं.

अपघात विभागात नर्स म्हणून लागल्यापासून तिला ही खोड होती. कुणी जिन्यावरून पडलेला, कुणी गाडीने उडवलेला, कुणी शिडीवरून कोसळलेला. असा माणूस आला की ती इतरांसारखीच धावायची. कपडे कापायची, सुई लावायची, रक्त दाबून धरायची. माणूस स्ट्रेचरवरून वर गेला की इतरांपुरतं काम संपायचं. हिचं डोकं मात्र स्ट्रेचरबरोबर लिफ्टमध्ये चढायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती वॉर्डात जाऊन विचारायची, “अहो, तो हिरव्या स्वेटरवाला आला होता ना, त्याचं पुढे काय झालं?”

“तुझा नातेवाईक आहे का?” वॉर्डातल्या सिस्टर वैतागायच्या.

“नाही हो. पण स्वेटर मीच कापला त्याचा. बायकोने विणलेला होता.”

एकदा एका धिप्पाड पेशंटला उचलताना तिच्या कमरेत अशी कळ आली की त्याच्या शेजारच्या खाटेवर तिलाच झोपवावं लागलं. वजन उचलणं कायमचं बंद झालं. मेट्रनबाईंनी तिच्यापुढे दोन कामं ठेवली. एक चादरींच्या कोठाराचं. दुसरं नवीनच निघालेलं होतं आणि कुणालाच नको होतं, ते म्हणजे अपघाताच्या पेशंटच्या नोंदणीचं. देशातली बरीचशी हॉस्पिटलं एकत्र येऊन आपापल्या जखमी पेशंटची माहिती एकाच ठिकाणी जमा करणार होती. पेशंटचं नाव गाळायचं, पण वय, दुखापत, आधीचे आजार, काय उपचार केले, किती वेळात केले आणि शेवटी काय झालं, ते सगळं भरायचं.

“शेवटी काय झालं, तेही?” तिने विचारलं.

“तेच तर मुख्य,” मेट्रनबाई म्हणाल्या.

घरी तिने ही बातमी सांगितली तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला. “म्हणजे आता तुला पगार देऊन लोकांच्या भानगडी वाचायला बसवणार?”

“साधारण तसंच.”

“नशीब काढलंस बाई,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यात टोमण्यापेक्षा हेवाच जास्त होता.

तिला खोली मिळाली ती जुन्या एक्स-रे फिल्मच्या साठ्याची. खिडकी नव्हती, आंबूस वास भिंतींत मुरला होता. एक कॉम्प्युटर, एक टेबल आणि कमरेसाठी नवऱ्याने गाडीतून काढून आणलेली उशी. नवरा मोटार शिकवायचा. शिकाऊ लोकांच्या धक्क्यांनी त्याचीही कंबर जेमतेमच होती, तरी उशी त्याने हिलाच दिली.

वर्षभर माहिती भरून झाली आणि पहिला अहवाल आला. कुठल्याही हॉस्पिटलचं नाव त्यात नव्हतं, नुसती अक्षरं होती. आपलं अक्षर कोणतं, तेवढं ज्याला त्याला कळवलेलं. यांच्या वाट्याला आला ‘ठ’.

“ठ म्हणजे ठणठणीत,” मोठे सर म्हणाले. मोठे सर म्हणजे शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख. बोलायला तिखट, पण हात असा हलका की टाके घातलेल्या माणसाला पुढे टाके शोधावे लागत.

“की ठणठणाट?” भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं. त्यांना सर्वांसमोर सरांची फिरकी घ्यायची मुभा होती, कारण त्यांच्याशिवाय सरांचं एकही ऑपरेशन होत नसे.

अहवालात पानोपानी आकृत्या होत्या. मध्ये एक सरळ रेघ आणि तिच्या वरखाली ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक हॉस्पिटल. पेशंट किती म्हातारे, दुखापत किती भारी, आधीचे आजार कोणते, हे सगळं धरून हिशेब केला होता. एवढे दगावतील असा अंदाज होता आणि तेवढेच दगावले, तर ठिपका रेघेवर. कमी दगावले तर खाली, जास्त दगावले तर वर. त्यामुळे ‘आमच्याकडे येतातच मुळी गंभीर पेशंट’ असं म्हणायची कुणाला सोय नव्हती.

मोठ्या सरांनी तरी ते म्हणून पाहिलं. कारण ‘छातीला मार, वय साठच्या पुढे’ या पानावर ‘ठ’चा ठिपका रेघेच्या बराच वर, जवळजवळ पानाबाहेर पडायच्या बेतात होता.

“आपल्याकडे लांबून पेशंट येतात. उशिरा येतात,” सर म्हणाले.

“पण मग पोटाच्या दुखापतीतही आपण वर असायला हवं होतं ना, सर?” तिने विचारलं. “तिथे तर आपण सगळ्यात खाली आहोत. तेही पेशंट त्याच रस्त्याने येतात.”

बैठकीत कुणीतरी खोकलं. सर म्हणाले, “तुमच्या नोंदीच चुकल्या असतील.”

ती रागावली नाही. उलट तिला ती शक्यता मनापासून पटली. खोलीत येऊन तिने छातीच्या दुखापतीच्या सगळ्या जुन्या फाइली मागवल्या आणि एकेक नोंद तपासायला घेतली. सरांचं म्हणणं निम्मं तरी खरं निघालं. पेशंटला आधीपासून काय काय आजार आहेत, ते तिने केसपेपरच्या पहिल्या पानावरून उचललं होतं. पहिलं पान लिहिलं जायचं ते गडबडीत, पेशंट कण्हत असताना. मधुमेह, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या, या गोष्टी दोन दिवसांनी मुलगी किंवा सून आली की तिसऱ्या-चौथ्या पानावर यायच्या. तिथपर्यंत ही पोचलीच नव्हती. त्यामुळे कागदावर ‘ठ’चे म्हातारे दिसत होते तरुणांसारखे धडधाकट.

तिने जाऊन सरांना तसं सांगितलं. सर खूश झाले. “बघा! म्हटलं नव्हतं?”

“म्हटलं होतंत, सर. दुरुस्त करून पाठवते. पण पुढचा अहवाल येईपर्यंत आपण दोघांनीही काही बोलायला नको.”

दुरुस्त केलेला अहवाल आला. ठिपका खाली सरकला होता खरा, पण रेघेपर्यंत नाही. अजूनही शेवटून दुसरा. दुपारी सर स्वतः तिच्या खोलीत उतरले. आंबूस वासाने त्यांनी नाक आक्रसलं, बसायला काही नव्हतं म्हणून कपाटाला टेकून उभे राहिले.

“नोंदी बरोबर आहेत?”

“यापेक्षा बरोबर मला जमणार नाहीत.”

“मग आपलं चुकतंय कुठे?”

“मला नाही माहीत, सर. पण आपलं काय चुकतंय यापेक्षा मला दुसरंच काहीतरी खुपतंय.” तिने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. “हे ‘ग’ कोण आहे? यांचा ठिपका बघा कुठे आहे! दोन्ही अहवालांत इथेच. यांच्याकडे काय वेगळं चालतं?”

नियमाप्रमाणे नाव कळणार नव्हतं. पण अहवाल काढणाऱ्या कार्यालयाला विचारता येत होतं की आम्हाला ‘ग’शी बोलायचंय, त्यांची हरकत आहे का? तिने विचारलं. ‘ग’ची हरकत तर नव्हतीच, उलट त्यांच्याकडच्या नोंदणीवाल्या गृहस्थांनी स्वतःच फोन केला. त्यांचा आवाज दणदणीत होता. “तुम्ही ‘ठ’ का हो? अहो, आम्ही कधीपासून तुम्हाला शोधतोय!”

“आम्हाला? कशाला?”

“या तर खरं. समोरासमोर बोलू.”

सासूबाईंना ‘ठ’ची आणि ‘ग’ची गोष्ट तोपर्यंत एखाद्या मालिकेसारखी पाठ झाली होती. “मी सांगते, त्यांच्याकडे परदेशी मशीन असणार,” त्या म्हणाल्या. नवऱ्याचा अंदाज वेगळा होता. “त्यांच्याकडे म्हातारे पडतच नसतील. घरातले जिने चांगले असतील.” तिने दोन्ही अंदाज डोक्यात ठेवले. तिला स्वतःला परदेशी मशीनचीच धास्ती होती, कारण मशीन निघालं असतं तर विषयच संपला असता.

मोठे सर म्हणाले, मीही येतो. गाडी त्यांचीच. अर्ध्या वाटेपर्यंत दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. इतकी वर्षं एकाच इमारतीत काढली होती, पण ‘कात्री’, ‘कापूस’ आणि ‘पुढचा पेशंट’ यापलीकडे दोघांचं संभाषण गेलं नव्हतं. मग सरांनीच विचारलं, “सिस्टर, त्या हिरव्या स्वेटरवाल्याचं काय झालं होतं हो शेवटी?” ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती हे तिला तेव्हा कळलं.

“चालत घरी गेला, सर. बायकोने दुसरा स्वेटर विणला. निळा.”

‘ग’ हॉस्पिटल बाहेरून यांच्याहून जुनं आणि आतून यांच्याहून गर्दीचं निघालं. नोंदणीवाले गृहस्थ आवाजाच्या मानाने अगदीच लहानखुरे होते. ते त्यांना सरळ छातीच्या वॉर्डात घेऊन गेले. तिने आधी मशीन शोधलं. कुठेच नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की वॉर्डात आवाज फार आहे. ‘ठ’मध्ये हा वॉर्ड शांत असायचा. इथे म्हातारी माणसं गप्पा मारत होती, खोकत होती, एकमेकांवर ओरडत होती. आणि खाटा बऱ्याचशा रिकाम्या. माणसं होती खुर्च्यांत.

खिडकीपाशी दोन आजोबा पत्ते खेळत होते. त्यातल्या एकाच्या पाठीतून एक बारीक नळी निघून खांद्यावरच्या छोट्या पंपाला जोडलेली होती.

“काय झालंय यांना?” सरांनी विचारलं.

“बरगड्या मोडल्यात. बऱ्याच,” नोंदणीवाले म्हणाले. “परवा आले.”

“परवा!” सर म्हणाले.

आजोबांनी पान टाकलं आणि मान वर केली. “डॉक्टर का तुम्ही? बसा. याला पत्ते येत नाहीत, नुसता नशिबावर खेळतो.”

“दुखत नाही का?” तिने विचारलं.

“आता नाही. आलो तेव्हा विचारू नका. हसलं की दुखायचं, खोकलं की दुखायचं. मग मी काय करायचो, श्वासच एवढासा घ्यायचो.” त्यांनी दोन बोटांत चिमूट धरून दाखवली. “हूं की चूं नाही. सून म्हणाली, बाबा कसे शहाण्यासारखे पडून आहेत. शहाणा कसला, घाबरलो होतो!”

‘ग’च्या भूलतज्ज्ञांनी बाकीचं उलगडून सांगितलं. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडल्या की दुखतं म्हणून तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ आत साठतो. तीन-चार दिवसांनी न्यूमोनिया होतो, आणि माणूस जातो तो बरगड्यांनी नाही, न्यूमोनियाने. म्हणून ‘ग’मध्ये एक नियम होता. साठच्या वरचा माणूस, बरगड्या मोडलेल्या, की अपघात विभागातूनच भूलतज्ज्ञांना फोन. पाठीतल्या त्या नळीतून औषध सोडून दुखणं आधी मारायचं. मग लगेच खुर्चीत बसवायचं, आणि तासातासाला तीन चेंडूंच्या नळीतून श्वास ओढायला लावायचा.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच. पण प्रत्येकाला, आणि पहिल्याच दिवशी. आम्ही पूर्वी तिसऱ्या दिवशी करायचो. तेव्हा आमचाही ठिपका वरच असणार. तेव्हा ठिपकेच नव्हते, म्हणून वाचलो.”

चहा घेताना नोंदणीवाल्यांनी आपलं पान उघडलं. पोटाच्या दुखापतीचं. “आता तुम्ही सांगा. पोटात रक्तस्राव झालेला पेशंट तुमच्याकडे एवढ्या लवकर टेबलावर कसा जातो? रक्त एवढ्या लवकर कसं चढतं? आम्ही किती डोकेफोड केली!”

तिने सरांकडे पाहिलं, सरांनी तिच्याकडे. दोघांनाही माहीत नव्हतं.

“शोधून सांगते,” ती म्हणाली.

परतताना गाडीत सर म्हणाले, “मी राउंडला विचारतो, काय आजोबा, कसं आहे? ते मान हलवतात. मी म्हणतो, छान. आणि पुढच्या खाटेकडे जातो.”

“मी तर त्यांना शाबासकी द्यायचे, सर,” ती म्हणाली. “सगळ्यात गुणी पेशंट म्हणून.”

परत आल्यावर नियम लिहून काढणं सोपं गेलं. पाळणं कठीण. भूलतज्ज्ञ मॅडम उसळल्या. “नळ्या घालायला माझ्याकडे माणसं कुठे आहेत? ते विचारा तुमच्या कॉम्प्युटरला!” त्यांचं बरोबर होतं. शेवटी मॅडमनीच मार्ग काढला. सोप्या जागी सुई देऊन बरगड्या बधिर करायचं तंत्र अपघात विभागातल्या डॉक्टरांना शिकवायचं, आणि पाठीतली नळी मॅडमनी फक्त अवघड पेशंटना घालायची. शिकवताना त्या इतक्या रमल्या की पुढे वर्ग बंद करायला कुणाची छाती झाली नाही.

मग निघालं की वॉर्डात हात टेकायच्या खुर्च्याच नाहीत. मागणी केली, उत्तर येईना. एका सकाळी मोठ्या सरांनी वॉर्डबॉयना हाताशी धरून बैठकीच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या वॉर्डात हलवल्या. त्या आठवड्याची बैठक उभ्याने झाली आणि कधी नव्हे ती झटपट आटोपली. खुर्च्यांची मागणीही त्याच बैठकीत मंजूर झाली.

पहिल्या काही पेशंटपैकी एक होत्या निवृत्त मुख्याध्यापिका, न्हाणीघरात पडलेल्या. त्यांना खुर्चीत बसवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला शिक्षा कशाबद्दल?”

आता फाइल आपल्या खोलीत येण्याची वाट न बघता सिस्टर रोज वॉर्डात चक्कर मारायची. तिने तीन चेंडूंची नळी बाईंच्या हातात दिली. “बाई, ओढा. तिन्ही चेंडू वर गेले पाहिजेत.”

बाईंनी ओढलं. एक चेंडू जरासा हलला. बाईंचा चेहरा पडला. “जन्मभर मी मुलांना नापास केलं. हे खेळणं मला नापास करतंय.”

“आज एक तर एक. उद्या बघू.”

“उद्या नाही. आण इकडे!” म्हणत बाईंनी नळी परत तोंडाला लावली. तिसरा चेंडू टोपणाला टक्कन लागला तेव्हा त्यांनी सगळ्या वॉर्डाला टाळ्या वाजवायला लावल्या. वॉर्डनेही वाजवल्या, मुख्याध्यापिकेच्या आवाजात हुकूम सोडला होता ना त्यांनी!

सगळेच असे निघाले नाहीत. एक आजोबा आले तेच धाप लागलेल्या अवस्थेत. सगळं वेळेवर केलं, तरी गेले. त्या दिवशी त्यांची नोंद भरताना तिचा हात शेवटच्या चौकटीपाशी बराच वेळ अडला. मग तिने जे झालं तेच भरलं, कारण दुसरं काही भरलं तर या साऱ्या खटाटोपाला अर्थच उरला नसता.

इकडे ‘ग’चा प्रश्न राहिलाच होता. पोटातल्या रक्तस्रावाचं तिने सर्जनना विचारलं, ते म्हणाले, आमचा हात चालतो. मॅडम म्हणाल्या, आमची तयारी असते. दोन्ही उत्तरं तिला गोड लागली, पण पटली नाहीत. हात आणि तयारी ‘ग’कडेही होती. म्हणून ती दोन-चार दुपारी अपघात विभागात स्टूल टाकून नुसती बघत बसली. रक्त हवं म्हटलं की एक सिस्टर उठायची, शेजारचं दार उघडायची आणि पिशवी घेऊन यायची. हे ती स्वतःही वर्षानुवर्षं करत आली होती. शेजारचं दार म्हणजे रक्तपेढी.

तिने मेट्रनबाईंना विचारलं, “आपली रक्तपेढी अपघात विभागाला चिकटून का आहे?”

मेट्रनबाई हसायला लागल्या. “अगं, वरच्या मजल्यावर छत गळत होतं तेव्हा तात्पुरती खाली आणली होती. परत न्यायची राहूनच गेली. रक्तपेढीवाले अजून अर्ज करतायत, जागा पुरत नाही म्हणून.”

तिने ‘ग’ला फोन करून सांगितलं. “ऐका. आमचं कौशल्य-बिशल्य काही नाही. आमचं छत गळलं होतं.”

पलीकडून दणदणीत हसू आलं. “आता आम्ही काय छत फोडायचं का?”

छत फोडावं लागलं नाही. ‘ग’वाल्यांनी अपघात विभागात एक छोटा फ्रीज ठेवला, कुणालाही चालेल अशा गटाच्या मोजक्या पिशव्यांसह. इकडे मोठ्या सरांनी रक्तपेढीला वर हलवायचा अर्ज कायमचा फेटाळून लावला आणि बदल्यात त्यांना शेजारची एक खोली मिळवून दिली. ती मिळवताना त्यांची स्वतःची बसायची खोली गेली, पण ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

पुढचा अहवाल आला तेव्हा छातीच्या पानावर ‘ठ’चा ठिपका रेघेला टेकला होता. पहिला नाही, दुसरा नाही, मधला. नवऱ्याने घरी मिठाई आणली. सासूबाई म्हणाल्या, “एवढं करून मधलाच?” तिलाही शंका होतीच, पण वेगळी. तिने अहवाल काढणाऱ्या कार्यालयातल्या आकडेतज्ज्ञ मुलीला फोन लावला.

“हे आम्ही केलं म्हणून झालं का हो?”

“कदाचित,” मुलगी म्हणाली. “कदाचित योगायोगही असेल. तुमचे पेशंट थोडे आहेत. अजून दोन अहवाल असंच दिसलं तर मी छातीठोक सांगेन.”

उत्तर जरा खट्टू करणारं होतं. पण फोन ठेवल्यावर तिला वाटलं, बरं झालं, हिने उगाच हो म्हटलं नाही. हो म्हटलं असतं तर हिच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसला नसता.

पुढचे दोन्ही अहवाल आले. ठिपका रेघेच्या खाली गेला आणि खालीच राहिला. मुलीने शब्द पाळला, आपणहून फोन केला आणि म्हणाली, “आता म्हणा, आम्हीच केलं.”

त्या वर्षी सगळ्या हॉस्पिटलांनी एकत्र बसून ठरवलं की अक्षरं पुरे झाली, आता आपापसात नावं उघड करायची. मतदानाच्या वेळी काही हात खाली राहिले, पण बरेचसे वर गेले. मोठे सर हात वर करून शेजाऱ्याला कुजबुजत्या आवाजात सांगत होते, “ठ म्हणजे आम्ही.” शेजाऱ्याने विचारलं नव्हतं.

सिस्टर त्यांच्या मागच्या रांगेत, उशी पाठीला लावून बसली होती. तिचं मतदानाकडे लक्ष नव्हतं. नवा अहवाल नुकताच वाटला गेला होता आणि ती पायाच्या हाडांच्या पानावर थांबली होती. तिथे कुणीतरी एक फारच खाली होतं. तिने पुढे वाकून सरांच्या खांद्याला बोट लावलं.

“सर, हे कोण आहेत, ते आता विचारता येईल ना?”

“येईल की. इथेच बसले असतील.”

ती कमरेला हात लावत उठली आणि रांगारांगांतून एकेकाला विचारत निघाली.